संपर्कानंतर मुंग्या, ताप, डोकेदुखी: एचआयव्ही सुरुवातीलाच मेंदू आणि नसांवर दिसतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कंडोमविना संबंध येऊन आज २६ दिवस झाले. पाचव्या दिवसापासून हातापायांना मुंग्या येतात, कधी डाव्या बाजूला, कधी उजव्या. गेले चार दिवस ताप, घसादुखी आणि डोळ्यांमागे ठणकणारी डोकेदुखी आहे. बाराव्या दिवशी केलेली रॅपिड तपासणी निगेटिव्ह आली. ही एचआयव्हीची मज्जासंस्थेवरची सुरुवातीची लक्षणं आहेत का?

आधी सरळ उत्तर. मुंग्यांचा संबंध एचआयव्हीशी जवळपास नाहीच. ताप आणि डोकेदुखीचा असू शकतो, पण तशी इतर कारणं अनेक आहेत. बाराव्या दिवशीचा रिपोर्ट मात्र बाजूला ठेवा, त्या दिवशी त्या तपासणीला काही दिसण्याची शक्यताच नव्हती. या तिन्ही उत्तरांचं मूळ कॅलेंडरमध्ये आहे. या आजारात लक्षण कोणतं यापेक्षा ते कितव्या दिवशी आलं, हे विचारल्यानं जास्त कळतं.

विषाणू शरीरात शिरल्यावर पहिला आठवडा-दहा दिवस तो शिरकावाच्या जागी आणि जवळच्या लसिकाग्रंथींत वाढत असतो. या काळात रक्तात त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय धागासुद्धा सापडत नाही. नंतर तो रक्तात उतरतो, झपाट्यानं वाढतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठतो. तेव्हा रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांहून जास्त प्रती असणं सामान्य आहे. मेंदूत पोचायलाही तो फार वेळ घेत नाही. बँकॉकमध्ये अगदी ताज्या संसर्गाच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, संसर्गाच्या अंदाजे आठव्या दिवशीच काहींच्या पाठीतल्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, विषाणूचा आरएनए सापडला. मात्र तिथं तो मज्जापेशींना थेट लागत नाही. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर बसून येतो आणि मेंदूतल्या संरक्षक पेशींत मुक्काम करतो. इजा होते ती त्यातून पेटणाऱ्या दाहामुळे. म्हणून लक्षणं दिसतात ती प्रतिकारशक्ती खवळल्यावर, म्हणजे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. पाचव्या दिवशीच्या मुंग्यांना या हिशेबात जागा नाही.

त्याच बँकॉकच्या रुग्णांमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. बारकाईनं तपासल्यावर जवळपास निम्म्या लोकांत मज्जासंस्थेचं काही ना काही लक्षण सापडलं. पण ते बहुतेक सौम्य होतं: लक्ष न लागणं, विचार मंदावणं, हातांच्या हालचाली थोड्या अवघडणं. औषधं सुरू केल्यावर बहुतेकांची लक्षणं महिनाभरात गेली. म्हणजे सुरुवातीचा परिणाम होतो, आणि बऱ्याचदा होतो. मात्र इंटरनेटवर शोधताना डोळ्यांसमोर येतात तसा लकवा किंवा झटके त्यात क्वचितच असतात. ताप उतरल्यावरही आठवडाभर डोकं जड राहिलं तर माणूस त्याला अशक्तपणा म्हणतो आणि विसरून जातो.

या टप्प्यात ठळकपणे दिसणारा मज्जासंस्थेचा आजार म्हणजे जिवाणूविना होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह. ताप, डोकेदुखी, उजेड सहन न होणं, मान किंचित ताठ. सोबत घशाची लाली, मानेत-काखेत गाठी, छातीवर न खाजणारं पुरळ, तोंडात फोड यांपैकी काही असेल तर संशय वाढतो. पाठीतून पाणी काढलं तर त्यात लसिकापेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काही दहा ते दोनेकशेपर्यंत, प्रथिनं थोडी वाढलेली आणि साखर मात्र ठीक असते. ही साखर महत्त्वाची. क्षयाच्या मेंदूज्वरात ती उतरते, प्रथिनं बरीच चढतात आणि आजार दिवसांत नव्हे तर आठवड्यांत वाढत जातो. पाण्यातली साखर वाचायची तर त्याच वेळी रक्तातली साखरही मोजावी लागते. कित्येक रिपोर्टांत ती मोजलेलीच नसते आणि मग आकड्याला अर्थ उरत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे अगदी थोडं पाणी काढणं. क्षयाचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीसाठी किमान ६ मिलिलिटर हवं, शिवाय क्रिप्टोकॉकस बुरशीच्या अँटिजेन तपासणीसाठी आणि सिफिलिसच्या व्हीडीआरएलसाठी वेगळं. एका सुईत काम होत असताना हात आखडता घेऊ नये. पाठीतून पाणी काढल्यानं पाय जातात ही भीती घरोघरी आहे. पण सुई मणक्यांत इतकी खाली टोचतात की तिथं मज्जारज्जू संपलेला असतो. नंतर एक-दोन दिवस डोकं दुखतं, ते खरं.

दुसरं लक्षण, तोंड वाकडं होणं. चेहऱ्याच्या एका बाजूची नस सुजते, डोळा मिटत नाही, पाणी प्यायलं की ओठाच्या कोपऱ्यातून गळतं. अशा बहुतेक लोकांना एचआयव्ही नसतो, हे आधी लक्षात घ्या. पण एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या आफ्रिकी देशांत तरुणांमध्ये हे लक्षण संसर्गाची पहिली खूण म्हणून ओळखलं जातं, आणि दोन्ही बाजू एकदम गेल्या तर कुठंही एचआयव्हीची तपासणी करावीच. तशा वेळी कुष्ठरोग, सिफिलिस आणि जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते) हेही यादीत असतात. उपचाराचा वेळ थोडा असतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू झालं तर फायदा जास्त. न मिटणाऱ्या डोळ्यात दिवसभर कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री मलम घालून पापणीवर चिकटपट्टी लावायची. याकडे दुर्लक्ष झालं तर चेहरा सुधारतो आणि बुबुळावर व्रण राहून जातो. तेल-मालिश आणि विजेचे झटके यांत पहिले तीन दिवस गेले तर ते परत मिळत नाहीत.

जीबीएस हे नाव २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात साथ आल्यापासून सगळ्यांना ठाऊक झालं. ती साथ दूषित पाण्याशी आणि पोटात शिरणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जिवाणूशी जोडली गेली, एचआयव्हीशी तिचा संबंध नव्हता. पण एचआयव्हीच्या सुरुवातीच्या आठवड्यांतही जीबीएस होतो, क्वचित का होईना. पायांतून सुरू होणारा अशक्तपणा दिवसागणिक वर सरकतो, जिना चढवत नाही, गुडघ्याला हातोडी मारली तरी पाय उसळत नाही. फरक कळतो तो पाठीतल्या पाण्यात. नेहमीच्या जीबीएसमध्ये प्रथिनं वाढतात आणि पेशी जवळपास नसतात. पेशी १०च्या वर निघाल्या तर एचआयव्हीची तपासणी झाली का, हे विचारायलाच हवं. उपचार तेच: शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, वजनाच्या दर किलोला एकूण २ ग्रॅम, पाच दिवसांत विभागून, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला रोज २६ ग्रॅम. नाहीतर प्लाझ्मा बदलणं. स्टेरॉइडचा इथं उपयोग नाही.

इम्युनोग्लोब्युलिन देण्याआधी तपासणीचं रक्त काढून ठेवा, हे वॉर्डात फार वेळा राहून जातं. हजारो दात्यांच्या रक्तातून बनलेल्या त्या औषधात हिपॅटायटिस बीच्या आणि कधी सिफिलिसच्याही अँटिबॉडी असतात. नंतर काढलेलं रक्त मग खोटं पॉझिटिव्ह येतं आणि रुग्णाला भलताच आजार चिकटवला जातो.

जीबीएसमध्ये घरच्यांनी श्वासाकडे लक्ष द्यावं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, त्याचा आकडा सगळ्यात शेवटी पडतो. रुग्णाला एका दमात मोठ्यानं आकडे मोजायला सांगा. सकाळी ३०पर्यंत जाणारा माणूस संध्याकाळी १५वर थांबला तर अतिदक्षता विभागाची वेळ झाली, ऑक्सिजन ९८ दिसत असला तरी.

याशिवाय या काळात मेंदूचाच दाह होऊन गोंधळ उडणं किंवा झटके येणं, मज्जारज्जूला सूज येऊन दोन्ही पाय आणि लघवीचा ताबा जाणं, खांद्यात असह्य कळ येऊन हात लुळा पडणं, हे सगळं नोंदलं गेलं आहे, पण दुर्मिळ आहे. शुद्ध हरपणं, झटका, एका बाजूची ताकद जाणं, पाय उचलता न येणं, लघवी अडकणं, दिसण्यात किंवा ऐकण्यात अचानक फरक: यांपैकी काहीही झालं तर एचआयव्ही असो-नसो, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं.

आता एक घोटाळा सोडवायला हवा. नुकताच कळलेला एचआयव्ही आणि नुकताच झालेला एचआयव्ही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याला झटका येतो, स्कॅनमध्ये मेंदूत गाठी दिसतात, तपासणीत एचआयव्ही निघतो आणि घरचे म्हणतात, सुरुवातीलाच मेंदूत गेला. तो बहुधा आठ-दहा वर्षं शरीरात असतो. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या गाठी आणि क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर साधारणपणे सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) १००च्या खाली गेल्यावर येतात. विस्मरण, मंदपणा आणि अडखळती चाल असलेला एचआयव्हीचा स्मृतिभ्रंश बहुधा २००च्या खाली. दोन्ही तळपायांत रात्री जळजळ, हातोडी मारल्यावर घोटा न उसळणं आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कचं कंपन अंगठ्याला न जाणवणं, हा नसांचा आजार एचआयव्हीत सगळ्यात जास्त आढळतो, पण तोही पहिल्या महिन्यातला नव्हे. क्षय मात्र सीडी४ किती आहे याची वाट पाहत नाही. आपल्याकडे मेंदूतल्या गाठीचं कारण क्षय किंवा डुकराच्या फीतकृमीच्या अळ्याही असतात आणि त्या एचआयव्ही नसलेल्यांनाही होतात.

या दोन टोकांच्या मध्ये नागीण येते. पंचविशी-तिशीतल्या माणसाला छातीवर किंवा कपाळावर एका पट्ट्यात फोड आणि आगीसारखी कळ आली तर एचआयव्हीची तपासणी सुचवणं डॉक्टरांचं कामच आहे, कारण सीडी४ बऱ्यापैकी असतानाही ती येते. गावात नागिणीवर गेरू लावतात आणि तोंड-शेपूट जुळली की माणूस जातो म्हणतात. जुळत काही नाही. पण तिची गोळी पहिल्या ७२ तासांतच नीट लागू पडते. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे आजच जा.

मग तुमच्या मुंग्या कशाच्या? बाजू बदलणाऱ्या, येणाऱ्या-जाणाऱ्या मुंग्या कुठल्याच नसेच्या आजारात बसत नाहीत. चिंतेत माणूस नकळत भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे मोकळं कॅल्शियम घटतं आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. हे खरंखुरं लक्षण आहे, नाटक नव्हे, फक्त त्याचा विषाणूशी संबंध नाही. दुसरा संशयित बी१२. शाकाहारी घरांत त्याची कमतरता इतकी सामान्य आहे की मुंग्यांच्या तक्रारीत एचआयव्हीआधी ते तपासावं. मधुमेहही तसाच. आणि त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असेल, कोपराच्या आतल्या बाजूला जाड नस हाताला लागत असेल, तर कुष्ठरोग. महाराष्ट्रात तो संपलेला नाही आणि त्याचे उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत.

ताप आणि डोळ्यांमागची डोकेदुखी याचं पावसाळ्यात आपल्याकडे पहिलं उत्तर डेंग्यू. एनएस१ तपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते आणि तुमचा आज चौथा दिवस आहे, म्हणून ती आजच करा. प्लेटलेटही पाहा, पण त्या कमी झाल्या म्हणजे डेंग्यूच, असं नाही. एचआयव्हीच्या सुरुवातीच्या तापातही त्या उतरतात.

एचआयव्हीच्या तपासण्यांचं वेळापत्रक वेगळं. आरएनए तपासणी साधारण १० ते १२ दिवसांपासून विषाणू पकडू लागते. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची तपासणी, जी लॅबच्या यादीत कॉम्बो किंवा ड्युओ म्हणून असते, ती पी२४ अँटिजेन (विषाणूचं प्रथिन) आणि अँटिबॉडी (शरीरानं त्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं) दोन्ही पाहते. ती १८ दिवसांनंतर पॉझिटिव्ह येऊ शकते आणि ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली तर प्रश्न मिटतो. बोटाच्या थेंबावरची रॅपिड तपासणी बहुधा फक्त अँटिबॉडी पाहते, तिचा निकाल पक्का मानायला ९० दिवस लागतात. तुम्ही बाराव्या दिवशी नेमकी हीच केली.

तेव्हा आज चौथ्या पिढीची तपासणी करा. ताप चालू असेपर्यंत डॉक्टरांनी आरएनए तपासणी सुचवली तर तीही करा. या तापाचं कारण एचआयव्ही असेल तर आता विषाणू लाखांच्या घरात असणार. म्हणून आरएनएचा आकडा अगदी लहान, शंभर-दोनशे प्रती असा आला तर घाबरण्याआधी नव्या रक्तावर पुन्हा करा, तो खोटा पॉझिटिव्ह असू शकतो. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी एका चाचणीवर निदान होत नाही, आयसीटीसीमध्ये (सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) वेगवेगळ्या किटनं तीन तपासण्या करून ते पक्कं करतात. निगेटिव्ह आली तर ४५व्या दिवशी पुन्हा एकदा करायची. संपर्कानंतर ७२ तासांत सुरू करायचा २८ दिवसांचा प्रतिबंधक कोर्स घेतला असेल तर हे दिवस कोर्स संपल्यापासून मोजायचे. सोबत सिफिलिसच्या व्हीडीआरएल आणि टीपीएचए या तपासण्या सांगून ठेवा. सिफिलिस पहिल्या काही महिन्यांतच डोळा, कान आणि चेहऱ्याच्या नसेवर जाऊ शकतो. तसं झालं तर कंबरेत घेतलेलं २४ लाख युनिटांचं बेन्झाथिन पेनिसिलिन पुरत नाही. ते मेंदूच्या पाण्यात पुरेसं उतरत नाही. शिरेतून क्रिस्टलाइन पेनिसिलिन, रोज १.८ ते २.४ कोटी युनिट, १० ते १४ दिवस द्यावं लागतं.

फुकट तपासणी होईल म्हणून या काळात रक्तदान मुळीच करू नका. विषाणू भरपूर आणि तपासणी निगेटिव्ह, असे हेच दिवस असतात. जोडीदाराबाबतही तेच, निकाल पक्का होईपर्यंत कंडोम.

निदान झालंच तर एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रावर टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राविर यांची एकत्र गोळी रोज एक, मोफत. सीडी४ कमी होण्याची वाट पाहायची नाही. सुरुवातीच्या टप्प्यात सुरू केली तर मेंदूतला दाहही लवकर बसतो. अपवाद दोन: क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर असेल तर आधी त्याचे उपचार करून ही गोळी ४ ते ६ आठवड्यांनी देतात, क्षयाचा असेल तर ४ ते ८ आठवड्यांनी. घाई केली तर जागी झालेली प्रतिकारशक्ती डोक्यातच भडका उडवते.

मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडून आणि एआरटी केंद्राकडून अशी दोन चिठ्ठ्यांवरची औषधं चालू झाली की खरा गोंधळ होतो. झटक्यांसाठी फेनिटॉइन दिलं तर डोलुटेग्राविर यकृतात लवकर संपतं आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, चढतो. म्हणून लेव्हेटिरासिटाम बरं. झटक्यांचंच दुसरं औषध कार्बामाझेपिन चालू असेल आणि ते बदलणं शक्यच नसेल तर डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागतं, क्षयाच्या रिफाम्पिसिनसोबतही तसंच. ॲसिडिटीची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची औषधं या गोळीनंतर दोन तासांनी किंवा तिच्या सहा तास आधी घ्यावीत. नाहीतर गोळी पोटातच अडकते. रात्री झोप उडाली, स्वप्नं वाढली तर गोळी सकाळी घेऊन पाहा. उपचार सुरू झाल्यावर तळपायांत नव्यानं मुंग्या आल्या तर आधी क्षयप्रतिबंधाच्या आयएनएच (आयसोनियाझिड) गोळीकडे बघा. सोबतची बी६ची गोळी साधं व्हिटॅमिन समजून बऱ्याच जणांनी बंद केलेली असते.

तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. जवळचं आयसीटीसी शोधायला १०९७ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोला.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर चार तारखा लिहून न्या: संपर्काची, पहिल्या तापाची, पहिल्या मुंग्यांची, झालेल्या तपासणीची. "बरेच दिवस झाले" यावरून काहीच ठरवता येत नाही. ४५व्या दिवशीची चौथ्या पिढीची तपासणी निगेटिव्ह आली आणि मुंग्या तरीही चालू असल्या, तर एचआयव्हीची तपासणी सहाव्यांदा करू नका. बी१२, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि थायरॉइड करा, तेही ठीक आले तर मज्जाविकारतज्ज्ञांना हातोडी आणि ट्यूनिंग फोर्क घेऊन दहा मिनिटं तपासू द्या.